सही होण्याआधी वाचलेला रिपोर्ट

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं 'सॉफ्टवेअर' एवढंच सांगायचो. गावाकडच्या माणसांना तेवढं पुरायचं. खरं काम सांगायचं तर चार वाक्यं जास्त लागतात. पण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

बेळगावात आमची एक छोटी कंपनी आहे. दवाखाने आणि रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब यांच्यासाठी आम्ही क्लाउडवर एक सॉफ्टवेअर चालवतो. सॉफ्टवेअर एकच, वापरणाऱ्या संस्था अनेक. प्रत्येक संस्थेला आमच्या धंद्यात टेनंट म्हणतात, म्हणजे भाडेकरू. सगळे एकाच इमारतीत राहतात, पण एकाला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. खानापूरच्या दवाखान्याला निपाणीच्या लॅबमधलं अक्षरही दिसत नाही. शिवाय प्रत्येक घरातही कुणी काय बघायचं ते ठरलेलं असतं, त्याला रोल म्हणतात. रिसेप्शनवरच्या मुलीला पेशंटचं नाव, फोन आणि रिपोर्ट तयार झाला की नाही, एवढंच दिसतं. आत काय लिहिलंय ते दिसत नाही. टेक्निशियनला मजकूर भरता येतो, सही करता येत नाही. सही फक्त पॅथॉलॉजिस्टची. आणि या सगळ्यांच्या वर आमच्या कंपनीतले दोघं. काही बिघडलं तर कुठल्याही टेनंटमध्ये जाऊन काहीही उघडून बघू शकणारे. एक आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक. दुसरा मी. हे सगळे रोल मीच बांधले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, भाताचं. आई-आप्पा दिवसभर शेतात, त्यामुळं मला अक्षरं आक्कानं शिकवली. मराठी घरात, आणि कन्नड बसच्या खिडकीतून. खानापूरहून बेळगावला जाताना दुकानांच्या पाट्या येत, ती बोट दाखवायची आणि मी वाचायचो. चुकलो की डोक्यात टप्पल. मला वाटतं तिला मास्तरीण व्हायचंच होतं आणि मी तिचा पहिला वर्ग होतो.

पुढं ती झालीही. लग्न होऊन निपाणीकडं गेली आणि कोगनोळीच्या बाजूला एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत लागली. दाजी शेतकरी, ऊस आणि थोडा तंबाखू. बोलायला कमी, कामाला वाघ. एकच मुलगी, माझी भाची. मी इंजिनिअरिंग करून बेळगावात नोकरीला लागलो, पिरनवाडीत घर बांधलं, लग्न केलं. दर रविवारी सकाळी आक्काचा फोन यायचा. विशेष काही नसायचं. शाळेत काय झालं, भाची काय म्हणाली, म्हैस आटली का. माझी बायको म्हणायची, तुमचा रविवार आक्कांच्या फोनाशिवाय उजाडत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी फोनवर ती नेहमीपेक्षा लवकर गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, काखेत गाठ आलीय. डॉक्टरनी सुई घालून तुकडा काढून घेतलाय. तपासायला दिलाय."

"कवा? आणि आत्ता सांगतीयास?"

"तुला सांगून तू काय करणार होतास? दाजींना बी निम्मंच सांगितलंय. रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

नमुना कुठं दिला असं मी विचारलं. तिनं निपाणीतल्या ज्या लॅबचं नाव सांगितलं ती आमचीच टेनंट होती.

मी ते तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. तिला धीर यावा म्हणून. ती एकदम म्हणाली, "म्हंजे तुला दिसंल व्हय?"

"न्हाय गं, तसं बघायचं नसतंय," मी म्हणालो. आणि तेव्हा मी खरंच तसं मानत होतो.

पुढच्या शनिवारी त्याच लॅबमधून तक्रार आली. छापलेल्या रिपोर्टवर वरची ओळ कापली जात होती. अशी कामं एरवी माझ्या हाताखालची मुलगी करायची, तिच्या रोलला छपाईपुरतंच आत जाता यायचं. त्या दिवशी ती सुट्टीवर होती. मी लॅबच्या टेनंटमध्ये शिरलो, छपाईची मापं नीट केली, एक नमुना काढून बघितला. पाच मिनिटांचं काम. झाल्यावर बाहेर पडायचं होतं. वर शोधायची चौकट उघडीच होती. मी त्यात आक्काचं नाव टाइप केलं.

मनात काय चाललं होतं म्हणून नंतर मला दोघा-तिघांनी विचारलं. मी स्वतःलाही विचारलं. काही चाललं नव्हतं. हात चालले.

पहिली गोष्ट दिसली ती ही की गाठ काखेत नव्हती. डाव्या स्तनात होती. तिनं भावाला सांगताना शब्द बदलला होता आणि मी तो पडद्यावर इंग्रजीत वाचला. मला तिथंच शरम वाटली. तिनं झाकलेलं काहीतरी मी ओढून काढलं असं वाटलं. तरी मी खाली गेलो. खाली निष्कर्षाच्या जागी तीन ओळी होत्या. घातक पेशी आढळल्या नाहीत, गाठ साधी वाटते, अशा अर्थाच्या.

मी खुर्चीतून उठलो. ऑफिसच्या गॅलरीत जाऊन तिला फोन लावला. शनिवारची शाळा सुटून ती घरी आली होती, पाठीमागं भांड्यांचा आवाज येत होता.

"आक्का, बघितला रिपोर्ट. काय न्हाय. साधी गाठ हाय."

भांड्यांचा आवाज थांबला. "खरं व्हय रं?"

"खरं. मी डोळ्यांनी वाचलाय."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "थांब हां, देवाफुडं साखर ठेवून येते," म्हणाली. परत आली तेव्हा आवाज हलका झाला होता. "मग आता आणायला जायाला पायजे काय? शाळेत परीक्षेची गडबड हाय. आणि पोरीची पीयूसीची, बारावीची परीक्षा बी आलीच. अभ्यास घ्यायला मीच पायजे."

"सवडीनं आण," मी म्हणालो. "घाई न्हाय."

पडद्यावर उजवीकडं वरच्या कोपऱ्यात करड्या बारीक अक्षरात 'ड्राफ्ट' असं लिहिलेलं होतं. तो शब्द तिथं मीच ठेवला होता, करडा रंगही मीच निवडला होता, नजरेला खुपू नये म्हणून. टेक्निशियननं नमुन्याची नोंद केली की मजकुराचा ठरावीक साचा आपोआप भरून येतो. साचा नेहमी साध्या गाठीचाच असतो. लॅबच्या मॅडमनी तो तसा मागून घेतला होता, बहुतेक गाठी साध्याच निघतात, तर तेवढंच टायपिंग वाचतं. मग मॅडम काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, बघतात, मजकूर बदलतात, सही करतात. मी वाचलेल्या तीन ओळी आक्काबद्दल नव्हत्याच. कुणाबद्दलच नव्हत्या. तिची काचपट्टी तोवर कुणी पाहिलीही नव्हती.

हे सगळं मला माहीत होतं. साच्याची सोय मीच लिहिली होती. तरी त्या दिवशी मला तीन ओळी दिसल्या आणि एक शब्द दिसला नाही.

चार दिवसांनी मॅडमनी सही केली. रिसेप्शनवरच्या मुलीनं आक्काला फोन केला, "रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा." आक्का म्हणाली, "बरं, येते." पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन गेला. आक्का म्हणाली, "माझ्या भावाला म्हाईत हाय सगळं, मी सवडीनं येते." त्या मुलीला आत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. दिसलं असतं तर कदाचित तिनं घरी माणूस धाडला असता. पण तिला न दिसण्याची व्यवस्थाही माझीच होती. काही वर्षांमागं त्याच लॅबमधल्या कुणीतरी एका बाईचा रिपोर्ट गल्लीत सांगितला होता आणि मॅडम फार चिडल्या होत्या, म्हणून ती केलेली. ती चूक नव्हती. अजूनही मला ती चूक वाटत नाही.

गाठ तपासणारे सर्जन आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून निपाणीला यायचे. रिपोर्ट पेशंटनं हातानं नेऊन दाखवायचा. नेलाच नाही, तर त्यांना कोण आठवण करणार?

असे सहा आठवडे गेले. त्यातले सगळे रविवार आक्का फोनवर हसत होती.

भाचीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर निपाणीला गेली होती. येताना आईचा रिपोर्ट घेऊन ये, असं आक्कानं सांगितलं होतं. दुपारी मला भाचीचा फोन आला. बस स्टँडवरचा गोंगाट ऐकू येत होता.

"मामा, तुम्ही म्हणालता सगळं नीट हाय म्हणून."

"व्हय, का गं?"

"इथं वेगळंच लिवलंय."

तिनं पाकीट फोडलं होतं. मी तिला शेवटचा परिच्छेद वाचायला सांगितलं. एका शब्दावर ती अडली. मी म्हणालो, एकेक अक्षर सांग. ती सांगत गेली आणि मी समोरच्या कागदावर लिहीत गेलो. शब्द निम्मा झाला तेव्हाच मला कळला होता, पण मी तिला थांबवलं नाही. तिनं शेवटचं अक्षर सांगितलं आणि विचारलं, "म्हंजे काय मामा?" तिला कळलं होतं. विज्ञान शाखेची पोरगी ती.

"तिथंच बस," मी म्हणालो. "मी येतो."

बेळगाव ते निपाणी रस्ता चांगला आहे. त्या दिवशी मी तो कसा कापला मला आठवत नाही. भाची स्टँडवरच्या बाकड्यावर पाकीट छातीशी धरून बसली होती. माझ्याकडं बघून ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "तुम्ही काय वाचलता मग?" मी तिला गाडीत खरं सांगितलं, आहे तसं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आक्का सोप्यात पेपर तपासत बसली होती. आम्हाला दोघांना एकत्र बघून तिनं लाल पेन टोपण लावून खाली ठेवलं. भाची आत निघून गेली. मी आक्कासमोर जमिनीवर बसलो.

मी सगळं सांगितलं. ड्राफ्ट म्हणजे काय, साचा म्हणजे काय, सही म्हणजे काय. वर्गात मुलांचं ऐकावं तशी ती ऐकत होती, मध्ये न बोलता. माझं संपल्यावर म्हणाली, "अर्धवट लिवलेलं वाचलास."

"व्हय."

"ल्हानपणी बी असंच करायचास. प्रश्न निम्मा वाचून उत्तर लिवायचास."

मग तिनं पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही. ते मांडीवर ठेवून म्हणाली, "दाजींना हे सांगू नगंस."

"रिपोर्टाचं?"

"रिपोर्टाचं मी सांगते. तू बघितलतंस ते सांगू नगंस. मी म्हणते, आणायचं इसरले, परीक्षेच्या गडबडीत."

मी नको म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. ती म्हणाली, "मला आता तुझी गरज लागणार हाय रं. तुमचं दोघांचं वाकडं आलं तर मला कोण नेणार, कोण आणणार?" मी मान हलवली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं हेही खरं आहे. तिच्या आजाराच्या पहिल्याच दिवशी मी तिच्या पाठीमागं लपलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन सरांना सांगितलं. सर बेळगावातल्या जुन्या वकील घराण्यातले, सावकाश बोलणारे. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, आणि आधी म्हणाले, "कोण उघडतं, कधी उघडतं, त्याची नोंद आपल्याशिवाय कुणी बघत नाही. तुम्ही आधी घरचं बघा."

"नोंद आहे, सर. माझं नाव, वेळ, सगळं आहे. लॅबला सांगायला पाहिजे."

"सांगितलं तर मॅडम आपल्याला सोडून जातील."

"जातील."

त्यांनी टेबलावरचा चष्मा पुसला. तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मग दोघं जाऊ."

मॅडम पन्नाशीच्या. त्यांच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशेजारी काचपट्ट्यांचे ट्रे रचलेले होते. मी बोलत असताना त्या माझ्याकडं न बघता त्या ट्रेकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी स्लाइड बघायच्या आधीच तुम्ही निकाल सांगितलात."

"हो."

"माझ्या पेशंटला. माझ्या लॅबच्या नावानं."

सर काहीतरी बोलायला गेले, मॅडमनी हात वर करून थांबवलं. "तुमच्या बहीण आहेत म्हणून मी ओरडत नाही. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर?" त्या उठून खिडकीपाशी गेल्या. तिथून पाठमोऱ्याच बोलल्या, "त्या पंधरवड्यात मी दोनदा विचारलं होतं, ही बाई रिपोर्ट नेत का नाही. रिसेप्शनची मुलगी म्हणाली, त्यांच्या भावाला माहीत आहे म्हणतात. मला वाटलं, डॉक्टरांकडून परस्पर कळलं असेल. मी स्वतः फोन करायला हवा होता."

त्या सोडून गेल्या नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या कंपनीतल्या कुणालाही त्यांच्या टेनंटमध्ये त्यांच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. काही बिघडलं तर त्या स्वतः ठरावीक वेळापुरतं दार उघडतात, आम्ही काय उघडलं ते त्यांना दिसतं, वेळ संपली की दार आपोआप बंद. महिन्याभरात हे आम्ही सगळ्यांसाठी केलं. साचा रिकामा केला. ड्राफ्टचा मजकूर सही होईपर्यंत लॅबच्या बाहेर कुणालाही दिसू नये असं केलं. माझ्या नावापुढचा तो मोठा रोल सरांनी माझ्यासमोर काढला. त्यांना वाटलं असावं मला वाईट वाटेल. मला काहीच वाटलं नाही. हे सगळं करायला कुणाची बंदी नव्हती, आधीही करता आलं असतं.

आक्काचे उपचार बेळगावात झाले. दर तीन आठवड्यांनी ती आमच्याकडं पिरनवाडीला येऊन चार-पाच दिवस राहायची. पहिल्या खेपेनंतर केस गेले तेव्हा माझ्या बायकोनं तिच्या डोक्याला सुती ओढणी बांधून दिली. आक्का आरशात बघून म्हणाली, "शाळेतली पोरं भित्यात का बघूया." तोंडाची चव गेली होती, तरी नाचणीची आंबील तिला जायची. वॉर्डातल्या नर्सबाईंशी ती कन्नडमध्ये गप्पा मारायची, त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करायची. एकीच्या मुलाला तिनं पाढे पाठ करायची युक्ती सांगितली होती.

मी डॉक्टरांना एकदा एकट्यात गाठून विचारलं, सहा आठवडे आधी आलो असतो तर? ते तरुण होते, थकलेले. म्हणाले, "काही जणांच्या बाबतीत फरक पडतो, काहींच्या पडत नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मी सांगू शकत नाही. खरंच सांगू शकत नाही." मी त्यांना पुन्हा दोनदा तेच विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत. दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं.

एका दुपारी गच्चीवर सावलीत आम्ही बसलो होतो. आक्का म्हणाली, "तुझं काम मला एकदा नीट दाखीव. एवढं झालं, पण मला अजून समजलं न्हाय." मी लॅपटॉप आणला. खोटी नावं घालून आम्ही एक नमुन्याचा दवाखाना केलेला असतो, तो उघडला. रिसेप्शन म्हणून शिरलो की काय दिसतं, टेक्निशियन म्हणून काय, डॉक्टर म्हणून काय, ते एकेक दाखवलं. ती चष्मा सरकवून बघत होती.

"म्हंजे वर्गाची हजेरी मास्तरांनी बघायची, साऱ्या शाळेची हेडमास्तरांनी."

"तसंच."

"आणि तू कोण होतास?"

"मी शाळेचा शिपाई. साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला."

"मग शिपायानं कपाटातले पेपर काढून वाचायचे नसत्यात," ती म्हणाली आणि हसली. अगदी मनापासून हसली. मी लॅपटॉप बंद केला. ती म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नगंस रं. तू मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस. ते सहा आठवडं मी बिनघोर झोपले. पोरीचा अभ्यास घेतला. आधी कळलं असतं तर तिची परीक्षा गेली असती." ती माझी समजूत घालत होती हे मला कळत होतं, आणि ते ऐकून घ्यायची मला गरज आहे हे तिलाही कळत होतं.

भाचीला चांगले मार्क पडले.

मधले काही महिने आक्का शाळेतही जाऊन आली. मग पाठ दुखायला लागली. तपासलं तर कॅन्सर हाडात उतरला होता. पुढच्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, ती आपल्या घरातच वारली. दाजी तिच्या पायाशी बसले होते, भाची उशाशी. मी हायवेवर होतो. पोचायला अर्धा तास राहिला होता.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मी रविवारी निपाणीला जात राहिलो. दाजी आणि मी बाहेरच्या कट्ट्यावर बसायचो, उसाच्या तोडीचं, पाण्याचं बोलायचो. दर वेळी मी सांगायचं ठरवून जायचो आणि न सांगता परत यायचो. सांगू नकोस असं तिनं म्हटलं होतं, ते मला सोयीचंही होतं. पण तिनं तसं म्हटलं ते तिला नेण्या-आणण्यासाठी मी लागणार होतो म्हणून, आणि आता कुणाला कुठं न्यायचं नव्हतं.

माघ लागला होता. अंगणात तंबाखूची पानं वाळत घातलेली. मी दाजींना म्हणालो, "दाजी, एक सांगायचं राहिलंय. रिपोर्ट आक्का इसरली नव्हती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी सगळं सांगितलं. जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. ते जागचे हलले नाहीत. पानं उलटायची लाकडी काठी हातात होती, ती तशीच राहिली. मला वाटलं आता ते मला मारतील, आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं.

"म्हंजे तू म्हणालास म्हणून ती रिपोर्ट आणायला गेली न्हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"आणि तिनं मला सांगितलं, इसरले."

"माझ्यासाठी सांगितलं."

ते खाली बघायला लागले. मग म्हणाले, "मी तिला लई बोललो रं त्यापायी." त्यांचा आवाज मला ओळखू येत नव्हता. "एवढी शिकलेली बाई, एक कागद आणायचा इसरतीस? जिवाशी खेळतीस? चारदा-पाचदा बोललो. आजारी होती तवा बी बोललो. एकदा तर दवाखान्यातनं आल्या आल्या बोललो. ती काय बोलायची न्हाय. गप ऐकून घ्यायची."

मला हे ठाऊक नव्हतं. तिनं फोनवर कधी सांगितलं नव्हतं, गच्चीवर सांगितलं नव्हतं. तिला सोडायला गेलो की मी तिच्या घरात बसून आंबील पीत असायचो, आणि माझ्या चुकीबद्दल ती तिथंच, मी निघून गेल्यावर, नवऱ्याची बोलणी खात होती.

दाजी उठले. काठी भिंतीला टेकवून गोठ्याकडं गेले. मी कट्ट्यावर बसून राहिलो. आतून म्हशीला पाणी पाजल्याचा, बादली आपटल्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. भाची दारात येऊन उभी राहिली. तिनं बहुतेक सगळं ऐकलं होतं. तिला हे आधीपासून माहीत होतं आणि तिनंही आईसारखंच वडलांना सांगितलं नव्हतं. एवढ्या लहान वयात तिच्यावर ते ओझं मी टाकलं होतं, हे मला त्या क्षणी, तिला दारात बघून, पहिल्यांदा जाणवलं.

दाजी परत आले ते हातपाय धुऊन. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जेवून जा." मी जेवलो. ते माझ्यासोबत पानावर बसले, भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि उठले.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. त्यांनी येऊ नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. सणावाराला जातो. ते कट्ट्यावर असतात, "आलास व्हय," म्हणतात, आणि शेताकडं जातात. मी त्यांना दोष देत नाही. भाची आता धारवाडला शिकते. तिचा फोन येतो, ठरावीक दिवशी नाही, आला तर येतो.

माझी नोकरी तीच आहे. आता मला कुठल्याच टेनंटच्या आतलं काही दिसत नाही, आणि आमच्याकडं नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी रोल समजावून सांगायचं काम सर माझ्यावरच सोपवतात. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, "सर, आपणच हे चालवतो, मग आपल्यालाच का बंदी?" मी तिला नियम सांगितला. कारण सांगायला लागलो, आक्काच्या नावापर्यंत आलो आणि थांबलो. मग मी तिला म्हटलं, आज वहीत फक्त नियम लिहून घे.